बुजवलेलं भोक

आत सदतीस अंश, बाहेर त्रेचाळीस.
एप्रिलात सोलापुरात इन्क्युबेटरचं दार उघडलं
की आधी गारवा लागतो तोंडाला,
मग आठवतं, याला आपण ऊब म्हणतो.

थाळीत उंदराच्या मूळपेशी,
साडेतीन दिवसांच्या गर्भातून कधीकाळी उचललेल्या,
अजून कशाच्याच न झालेल्या.
भिंगातून दिसतात
ज्वारीच्या पिठाचे इवले गोळे,
कुणीतरी थापायचे ठेवून उठून गेल्यासारखे.

काल त्यांच्यावर जंतूंच्या कवचाचा चुरा टाकला.
एवढ्याशा चुऱ्याने रक्तातली पांढरी पेशी
अर्ध्या तासात गल्ली गोळा करते.
ह्या ढिम्म.
सहा तास, बारा, चोवीस.
दुभागत राहिल्या फक्त, आपल्या तालात.

ऐकूच येत नाही त्यांना.
कान घडवणारं जनुक जागच्या जागी आहे,
अक्षर न् अक्षर शाबूत, मी स्वतः वाचलंय.
पण त्याच्या उंबऱ्यावर मिथाइलचे ठिपके दाट,
आणि भोवती सूत गच्च गुंडाळलेलं.

रात्री जेवताना नान्नांना सांगितलं, तेलुगूत.
घरात मराठी बोलले की ते म्हणतात,
बँकेत आलीस काय?
व्यंकटय्या गुंडेटी, साखर पेठ.
एकतीस वर्षं जॅकार्डचे पत्ते ठोकले.
चादरीवरचा मोर आधी त्यांच्या पुठ्ठ्यात बसायचा,
मग सुतात.

म्हणाले, भोक असेल तिथं सुई आत जाते, दोरा उचलतो.
चुकून पडलं भोक, तर पत्ता फेकत नसतात.
कागदाची चिठ्ठी खळ लावून चिकटवायची वर.
दोरा खालीच राहतो.
चादरीला कळतही नाही
की इथं मोराला तिसरा डोळा येणार होता.

मी घास हातात धरून बसले.
चार वर्षं, दोन शोधनिबंध,
आणि हे त्याला खळ म्हणतात.

पण नान्ना, इथं चूक नाहीये कुणाची.
मग वेळ झाली नसेल, ते म्हणाले, आणि ताक मागितलं.

खरंच.
जिचं अजून यकृत की कातडी हेच ठरलेलं नाही
तिनं दर टकटकीला धावत जायचं म्हटलं
तर वाढायचं कधी?

मला पहिलीत घातलं तेव्हा अम्मा म्हणाली होती,
शाळेत आपली भाषा नको.
नव्हतीच काढली मी. पण गेली थोडीच कुठे?
पाचव्या दिवशी, पहाटे तीनला, पाणी यायचं,
आणि नळावर कुणी आमची घागर सरकवली
की अशी फुटायची तोंडातून
की अम्मा विडीचा दोरा दातात धरून हसायची.

मंगळवारी मिथाइल खरवडणारं औषध दिलं.
तिसऱ्या दिवशी काही पेशींना कान फुटले.
चुरा टाकताच ओरडल्या.
निम्म्या मेल्या होत्या तोवर,
उरलेल्यांतल्या कितीतरी चपट्या, लांबट,
आपल्या जागा सोडून भलतीकडे निघालेल्या.
बिराजदार मॅडम म्हणाल्या, छान, आलेख काढ.
काढला. उभे खांब, निळे.
मेलेल्यांचा एक छोटा, कडेला.

रविवारी माळ्यावरून पत्त्यांच्या माळा उतरवल्या.
भंगारवाला दारात, किलोला नऊ रुपये.
एक पत्ता मी उन्हात धरला.
फरशीवर उजेडाचे ठिपके पडले रांगेनं,
मधे एक जागा काळी.
चिठ्ठी तपकिरी झालेली, एक कोपरा सुटलेला.
तिथं नख घातलं.

पलीकडे नान्ना काट्याकडे बघत होते.
किती भरलं? त्यांनी विचारलं.
मी नख काढून घेतलं.
एक कमी, म्हटलं.